नीराबाई सुईणीने दिलेला शब्द

नीराबाईंची व माझी ओळख दुःखाच्या प्रसंगाने झाली. सन १९४७ च्या भाद्रपद महिन्यात माझी पत्नी रंगू हिला मुलगी झाली, त्या वेळी नीराबाई सुईण म्हणून आमच्या घरी आल्या होत्या. तोपर्यंत मी त्यांना विठोबाची बायको म्हणून दुरून ओळखत होतो. त्यांचे माहेर चौलचे. आमचा कोळीवाडा आगरदांड्याच्या धक्क्यापासून अर्ध्या कोसावर, खाडीच्या तोंडाशी आहे. आमचा मुलूख तेव्हा जंजिरा संस्थानात मोडत होता. देश स्वतंत्र झाल्याची बातमी आमच्याकडे दिघीहून येणाऱ्या तरीवरच्या माणसांनी आणली होती.

मुलगी अंगाने चांगली होती. पाचवीची पूजा झाली. सातव्या दिवशी तिने दूध ओढणे बंद केले, तिचा जबडा बसला, अंग धनुष्यासारखे ताणले गेले आणि आठव्या दिवशी ती गेली. सटवीने नेली असे सर्वांनी म्हटले. आमचे त्याआधीचे एक मूलही असेच गेले होते, म्हणून मीही तसेच म्हटले. बाराव्या दिवशी नीराबाई आल्या, आमच्या ओटीच्या कडेला बसल्या आणि एक शब्दही न बोलता उठून गेल्या. दुसऱ्याच्या घरातील मुलासाठी असे येऊन बसणारी सुईण मी पाहिली नव्हती. मागाहून रंगूने मला सांगितले की, नीराबाईंची स्वतःची तिन्ही मुले अशीच आठवड्याच्या आत गेली होती.

पुढे सन १९५१ साली विठोबा तापाने वारला. नीराबाई एकट्या राहिल्या. येथे आमच्या वाड्यातील एक रीत सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची हकिकत तिच्यावर अवलंबून आहे. होड्या किनाऱ्याला लागल्या की प्रत्येक होडीची एक टोपली वाळूत वेगळी काढून ठेवतात. तिला दर्याची टोपली म्हणतात. त्या टोपलीतील मासळी विधवांना आणि ज्यांना मुलगा नाही अशा म्हाताऱ्या किंवा अपंग माणसांच्या घरांना वाटली जाते. ही दया नव्हे. तो त्यांचा हक्क मानला जातो. आमच्या वडिलांच्या पिढीपासून नियम एकच आहे : जिवंत मुलगा ज्याला आहे, त्याला टोपलीतील वाटा नाही, कारण त्याचा वाटा मुलाच्या होडीतून येतो. विठोबा गेल्यावर नीराबाईंना वाटा सुरू झाला. वाटणी करण्याचे काम पंचांचा मुख्य म्हणून माझ्याकडे होते व आजही आहे.

सन १९५५ मध्ये तालुक्याच्या गावी सुईणींना सरकारी खर्चाने शिकविण्याचा वर्ग निघाला. आमच्या वाड्यातून नीराबाई गेल्या. सहा आठवड्यांनी त्या परत आल्या, तेव्हा त्यांच्या हातात पत्र्याची एक पेटी होती. पेटीत कात्री, दोरा, साबण, कापूस आणि नखे घासण्याचा ब्रश होता. आल्या दिवसापासून त्या कात्री व दोरा पातेल्यात घालून उकळू लागल्या. बायका जमून पाहत.

“नीराबाय, कात्रीचं कालवण करतेस काय?” असे भागोजीच्या आईने विचारले.

“व्हय. जेवायला ये.”

“मंग चिंच घाल त्यात, न्हायतर आंबट कशी लागंल?”

“तुझ्या सुनेला आठवा म्हयना हाय ना? तिच्या पोराला आंबट-गोड काय लागतं ते मग सांगेन तुला,” असे नीराबाई म्हणाल्या आणि पातेल्यावर झाकण ठेवले.

भागोजीच्या मुलाचे सातवा व आठवा असे दोन्ही दिवस सुखरूप पार पडले. त्यानंतरच्या मुलाचेही पार पडले. वर्षभरात अकरा बाळंतपणे झाली आणि एकही मूल सटवीने नेले नाही. आमच्या वाड्यात असे वर्ष कोणाला आठवत नव्हते.

परंतु नीराबाईंना त्याचा निर्भेळ आनंद झाला नाही. एके दिवशी त्या आमच्या घरी आल्या. या वेळी त्या बोलल्या. पूर्वी आमच्याकडे मासळी कापण्याच्या कोयतीनेच बाळाची नाळ कापीत असत, व नीराबाईही आपल्या कोयतीने कापीत.

“रंगू, तुझं पोर सटवीनं न्हाय नेलं,” त्या म्हणाल्या. “माझ्या कोयतीनं नेलं. कोयतीला घाण असते, ती पोराच्या आंगात जाते. डॉक्टरीणबाईंनी शिकवलंन.”

रंगू बराच वेळ मासळी निवडत राहिली. नंतर म्हणाली, “तुला तवा ठाव नव्हतं गो.”

“ठाव नव्हतं. पण हात माझाच होता.”

ज्या ज्या घरी मूल गेले होते, त्या प्रत्येक घरी जाऊन त्यांनी असे सांगितले. काही घरांत त्यांना वाईट बोलणी ऐकावी लागली. त्यांनी ती ऐकून घेतली. आपण केलेली चूक, जिची कोणालाच माहिती नव्हती, ती स्वतः जाऊन सांगणारी माणसे थोडी असतात, असे मला आज वाटते. त्या वेळी मात्र मला वाटले होते की ही बाई उगाच जुने उकरून काढीत आहे.

मुले जगू लागली, तशी घरे भरली. सन १९५९ साली आमच्या वाड्यात एकवीस बारशी झाली. अकरा होड्या पाण्यात होत्या. त्यानंतर दोन वर्षांनी तालुक्याहून एक डॉक्टर व एक परिचारिका कुटुंबनियोजनाचा प्रचार करण्यासाठी आले. देवळासमोर सर्वांना बसवून त्यांनी चित्रे दाखविली. देशात माणसे फार झाली तर धान्य पुरणार नाही, शाळा पुरणार नाहीत, आणि पोट उपाशी असलेला देश स्थिर राहत नाही, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. त्यांचे बोलणे सभ्य होते व मला ते पटले. पुरुषाची लहानशी शस्त्रक्रिया करतात, दोन दिवसांत माणूस घरी येतो, असेही ते म्हणाले.

माणसे हसू लागली.

“डॉक्टरसाहेब, माझ्या होडीला आठ माणसं लागतात,” भागोजी म्हणाला. “दोन मी करतो. उरलेली सहा सरकार पाठवणार काय?”

“पाठवील, पण ती उलट्या करीत बसतील,” दुसरा कोणी बोलला, आणि डॉक्टरही हसले.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की, निदान एक माणूस तयार झाला तर इतरांची भीती जाईल. मला हे काम आपल्या वाड्यात व्हावे असे वाटत होते. तालुक्याच्या गावी आमच्या वाड्याचे नाव चांगले व्हावे, ही इच्छाही त्यात होती, हे मी नाकारीत नाही.

त्या सभेत चंदर बसला होता. चंदर तेव्हा पस्तीस वर्षांचा असेल. त्याला दोन मुलगे होते, तेरा वर्षांचा सदा आणि दहा वर्षांचा मोरू. त्याची बायको ठमी मोरूनंतर दोनदा अर्ध्यात बाळंत झाली होती व दोन्ही वेळा मरता मरता वाचली होती. त्या दोन्ही वेळा नीराबाई तिच्याजवळ होत्या. पुढच्या वेळी ठमी हाती लागणार नाही, अशी त्यांना खात्री होती. त्या सभेतून उठून चंदरच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“चंदर, तू जा. ठमीसाठी जा.”

“काकी, माझी दोनच हायत,” चंदर म्हणाला. “माझ्या आईला नऊ झाली, त्यातला मी एकटा उरलो. दोनातलं काय उरंल?”

“तवा नऊ झाली, एक उरला, कारण तवा कोयती होती. आता दोन हायत, ती दोन्ही ऱ्हातील.”

“तू सांगतेस?”

“मी सांगते.”

“सांगायला काय जातंय,” चंदर म्हणाला. “जामीन ऱ्हातेस काय?”

आमच्या लोकांत कागदाला किंमत नाही. किनाऱ्यावर ओढलेल्या होडीच्या पुढच्या टोकाला खाऱ्या पाण्याने भिजवलेला हात लावून जो शब्द देतात, तो आमच्यात कागदाच्या जागी असतो. तसा दिलेला शब्द मोडल्याचे मी ऐकलेले नाही. परंतु स्त्रीने होडीच्या टोकाला हात लावायचा नाही, अशीही आमची रीत आहे. सर्व माणसे माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, “लावू दे.” त्यावर नीराबाई पाण्यापर्यंत गेल्या, हात भिजवून आल्या आणि चंदरच्या चुलत्याच्या होडीच्या टोकावर हात ठेवून म्हणाल्या, “चंदरची दोन पोरं त्याला म्हातारपणी असतील. न्हाय ऱ्हायली तर मी हाय.”

मी चाळीस वर्षे होडी हाकलेला माणूस होतो. नीराबाईंनी सटवीला हरविले होते, म्हणून मूल जगविणे माणसाच्या हातात आहे असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. त्यांचे सगळे ज्ञान मुलाच्या पहिल्या आठ दिवसांचे होते. त्यापुढचे अठरा किंवा वीस वर्षांचे मूल कोणाच्या हाती असते, हे मला त्यांच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. दर्याचा जामीन कोणी होत नाही. मी हे त्या वेळी बोललो असतो तर शब्द दिला गेला नसता. परंतु डॉक्टर उभे होते, माणसे गप्प झाली होती, काम होत होते. मी बोललो नाही.

चंदर गेला व चौथ्या दिवशी जाळ्यावर आला. त्याच्या मागून आणखी आठ जण गेले. त्या नऊ घरांपैकी आठ घरांत आज सर्व मुले जिवंत आहेत, शाळेत जातात, बायकांची प्रकृती बरी आहे. ठमीही वाचली. डॉक्टर चुकीचे सांगत नव्हते, हे मी न्यायाने लिहिले पाहिजे. एका घराची हकिकत सांगताना आठ घरे विसरणे योग्य होणार नाही. परंतु शब्द त्या एका घराला दिलेला होता.

सन १९६६ च्या कार्तिकात चंदर आणि सदा आपल्या चुलत्याच्या होडीवर होते. दुपारी वारा फिरला. होडी उलटली नाही, पण शिडाची काठी मोडून खाली आली. तिच्याखाली चंदरचा उजवा हात चिरडला आणि सदा पाण्यात फेकला गेला. तो अठरा वर्षांचा होता व चांगला पोहणारा होता. तिसऱ्या दिवशी तो दिघीच्या बाजूला मिळाला.

अकराव्या दिवशी नीराबाई ठमीच्या घरी गेल्या. मी तेथे बसलो होतो. ठमीने त्यांना पाट दिला. नीराबाई पाटावर बसल्या नाहीत, जमिनीवर बसल्या.

“काकी, पोर दर्यानं नेलं,” ठमी म्हणाली. “तुझा काय दोष न्हाय.” मग थोड्या वेळाने ती म्हणाली, “पण शब्द तू दिलेलास.”

ठमी हे रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर बरे झाले असते. त्या दिवसानंतर नीराबाईंनी त्या दारात समोरून पाऊल टाकले नाही.

उरलेल्या मोरूला ठमीने स्वतःच मुंबईला धाडले. “उपाशी ऱ्हाईन, पण ह्याला पाण्यात सोडणार न्हाय,” असे ती सर्वांना सांगे. मोरू गोदीत कामाला लागला. पहिल्या शिमग्याला तो आला, आईसाठी लुगडे घेऊन आला. नंतर त्याचे येणे झाले नाही. त्याने तेथे लग्न केले असे कळले. त्याला मी दोष देत नाही. ज्या आईने जा म्हणून सांगितले, तिच्याकडे परत ये असे कोणी सांगितले नव्हते.

चंदरचा हात बरा झाला, परंतु बोटे वळेनात. जाळे ओढता येईना, वल्हे धरता येईना. सन १९६७ च्या नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या, तेव्हा ठमी टोपली घेऊन प्रथमच वाळूत विधवा बायकांच्या रांगेत येऊन उभी राहिली. मी तिला थांबावयास सांगितले व पंच बोलाविले.

त्या वेळची स्थिती अशी होती. अकरा होड्यांपैकी सहा राहिल्या होत्या. तरुण माणसे गिरण्यांत व गोदीत गेली होती आणि बायकाही बरोबर नेऊ लागली होती. त्या वर्षी वाड्यात सहाच बारशी झाली. पहिल्या इयत्तेत गुरुजींसमोर चार मुले बसत. होड्या कमी, म्हणून टोपल्या कमी. आणि टोपलीसमोर उभे राहणारे हात मात्र नऊ होते ते सतरा झाले होते.

“ठमीला वाटा देऊ नये असं मी म्हणत न्हाय,” भागोजी म्हणाला. “पण तिचा मोरू जिता हाय. आज तिला दिला, तर उद्या ज्यांची ज्यांची पोरं मुंबईला गेली ती सगळी उभी ऱ्हातील. तू नाखवा हायस, तूच सांग, सहा टोपल्यांत किती तोंडं घालशील?”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी नियम सांगितला : जिवंत मुलगा आहे, वाटा नाही. ठमीने टोपली उचलली आणि ती घरी गेली. मला त्या वेळी वाटले की मी नियम राखला म्हणजे वाडा राखला.

दुसऱ्या दिवशी नीराबाई माझ्याकडे आल्या. त्यांनी माझ्यापाशी एक मागणी केली. ती मी शेवटी लिहीत आहे. मी त्यांना उत्तर दिले की, वाटा माणसाचा असतो, तो दुसऱ्याच्या नावाने देता येत नाही, एकदा दिला तर रीत मोडेल.  त्या “बरं, भावजी,” एवढेच म्हणून गेल्या.

त्या दिवसापासून त्यांनी एक क्रम धरला. रांगेत येऊन आपला वाटा घेत. ठमी दुपारी पाणी आणण्यासाठी विहिरीवर जाई आणि चंदर देवळाच्या पायरीवर बसलेला असे, त्या वेळी मागील दाराने जाऊन मासळीचा वाडगा उंबऱ्यावर ठेवीत व परत फिरत. ठमीला ते ठाऊक होते. ती तो वाडगा धुऊन सायंकाळच्या आत नीराबाईंच्या ओटीवर पालथा ठेवून जाई. दोघींमध्ये बोलणे होत नसे. हे जवळजवळ सहा महिने चालले. सर्व वाड्याला माहीत होते. मलाही माहीत होते. वाटा शेवटी त्याच घरी जात होता. मी होय म्हटले असते तर त्या साठी उलटलेल्या बाईला रोज चोरासारखे मागील दाराने जावे लागले नसते.

स्वतःसाठी नीराबाई ओहोटीच्या वेळी खडकावर कालवे काढायला जाऊ लागल्या. बाळंतपणे वर्षाला पाच-सहा राहिली होती. त्यांवर त्यांचे भागत नव्हते. कालवे फोडण्यासाठी त्यांनी माळ्यावर टाकलेली जुनी कोयती काढली होती. सन १९६८ च्या माघात शेवाळावर पाय घसरून त्या पडल्या व त्यांची मांडी मोडली. आम्ही त्यांना उचलून घरी आणले. दवाखान्यात नेण्यासाठी होडी तयार केली, परंतु त्या म्हणाल्या, “आता मला कुठं नेऊ नका. पेटीतली कात्री तेवढी नव्या सुईणीला द्या. उकळून द्या.”

त्यांच्या शेवटच्या बारा दिवसांत ठमी त्यांच्याजवळ राहिली. त्याच वाडग्यातून ती त्यांना पेज भरवीत असे. त्या दोघी काय बोलल्या हे मला माहीत नाही. मी विचारले नाही व ठमीने सांगितले नाही.

नीराबाई गेल्यावर महिन्याने मी पंचांपुढे मांडले की नियम बदलावा. मुलगा आहे की नाही हे न पाहता घरात कमावणारा हात आहे की नाही हे पाहावे. भागोजी प्रथम विरोधात होता. मग तो म्हणाला, “सात म्हयन्यांपूर्वी हे बोलला असतास तर मी भांडलो असतो, पण ऐकलंही असतं.” ठराव झाला. आज ठमी रांगेत उभी राहते. परंतु होड्या आता पाच आहेत, आणि वाटा मुठीएवढा आला आहे. लहान मुले थोडी झाली आणि म्हातारी अधिक झाली म्हणजे टोपलीचे काय होते, हे मी रोज डोळ्यांनी पाहतो.

प्रौढ वर्गात आमचे गुरुजी वर्तमानपत्र वाचून दाखवितात. त्यात देशाची लोकसंख्या, योजना, धान्य यांविषयी पुष्कळ येते. मला मोठ्या गोष्टी कळत नाहीत. परंतु मला असे वाटते की, देश हाही एका टोपलीभोवती उभा असतो. दोन मुले पुरेत असे ज्याने सांगितले, त्याने जन्माला न आलेल्या तिसऱ्या मुलाचे काम स्वतःच्या अंगावर घेतले पाहिजे. डॉक्टर सांगून गेले, त्यांची बदली झाली. मी होडीला हात लावू दिला आणि नियमाच्या मागे जाऊन उभा राहिलो. ज्या बाईला अक्षर येत नव्हते, तिने एकटीने ते काम अंगावर घेतले होते. “न्हाय ऱ्हायली तर मी हाय,” हे तिचे बोलणे मी त्या दिवशी बोलण्याची पद्धत समजलो होतो.

त्या दिवशी, म्हणजे ठमीला रांगेतून परत पाठविल्याच्या दुसऱ्या दिवशी, नीराबाई माझ्या ओटीखाली उभ्या राहून जे म्हणाल्या, ते असे होते :

“भावजी, उद्यापासून माझा वाटा मला देऊ नका. तुमच्या माणसाकरवी ठमीच्या दारात ठेवा. मला त्या दारात जायला लाज वाटते.”